चढावरचा हुंकार

महाराजांनी काळ्या काठीचं एक टोक ट्रकच्या पोटाखालच्या लोखंडी गोळ्याला टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटले. तसं मिस्त्रीच्या वर्कशॉपचं सगळं अंगण चिडीचूप झालं. टायरांच्या चळतीवर चढलेले, कुंपणाला लोंबकळणारे, शेडच्या खांबांना बिलगलेले, सगळे श्वास रोखून त्या काठीकडे बघत राहिले. एका बाईच्या कडेवरचं मूल कुरकुरायला लागलं, तर शेजारणीनं चक्क त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आहे," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "आतच बसलाय. म्हणतोय, घर सोडवत नाही."

गर्दीतून एक लांब उसासा निघाला. पुढे खुर्चीवर बसवलेली म्हातारी थरथरत उठली.

"विचारा हो त्याला, जेवतो का वेळेवर?"

"भूक देहाला असते, आजी. त्यांना फक्त ओढ असते." महाराज गर्दीकडे वळले. "लोखंड म्हणजे काय? लोखंड म्हणजे पृथ्वीचं रक्त! आणि रक्तात काय असतं? ओळख असते. एका गाडीतलं रक्त दुसऱ्या गाडीत गेलं, की ओळखही गेली. विज्ञानसुद्धा हेच सांगतं, फक्त जरा उशिरा सांगतं."

लोकांनी माना डोलावल्या. विज्ञान नेमकं कुठे आणि कधी असं काही सांगतं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

म्हातारीच्या मागे तिची थोरली सून उभी होती. ती जवळच्या इस्पितळात नर्स होती, त्यामुळे सगळा मोहल्ला तिला सिस्टर म्हणायचा. ड्यूटी संपवून ती तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यांत. काठी कानाला लावून पोटातलं ऐकायची ही पद्धत तिला चांगलीच ओळखीची होती. तिच्या डॉक्टरांच्या गळ्यात रोज तसलंच यंत्र असायचं. खरं म्हणजे तिला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही, कारण गाडीतला तो आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता. आणि खोटं कशाला बोला, तिला तो हवा होता.

तिच्या नवऱ्याला सगळे थोरला म्हणायचे. तो ट्रक चालवायचा, आणि चढ लागला की नकळत घशातल्या घशात एकच लांब सूर धरायचा. गाणं नव्हे, नुसता हुंकार. चढ संपला की सूर संपायचा. मागच्या वर्षी घाटातल्या एका वळणावरून त्याची गाडी खाली गेली. माणूस घरी आला तो पांढऱ्या चादरीत, आणि गाडीचा सांगाडा आला मिस्त्रीच्या अंगणात.

तिच्या दिराची, म्हणजे धाकट्याची, गाडी त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची होती. काही महिन्यांनी त्या गाडीच्या डिफरन्शियलमधला दाता तुटला. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध दिसणारा तो लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद इथे येऊन वळते आणि चाकांकडे जाते. मिस्त्रीनं थोरल्याच्या सांगाड्यातलं चक्र काढून धाकट्याच्या गाडीत बसवलं. त्याच दिवशी धाकटा माल भरून इस्पितळाखालचा चढ चढला आणि गाडीच्या मागच्या अंगातून आवाज आला. हूंऽऽऽ. एकच लांब सूर. चढ संपेपर्यंत.

धाकट्यानं गाडी तिथेच थांबवली. उतरून मागे गेला तर गोळ्यातून धुराचा बारीक वास येत होता, आणि हात लावला तर चटका बसला. संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झालं, की थोरला परत आलाय. मग रोज त्या वेळी लोक चढाच्या कडेला उभे राहू लागले. वॉर्डातल्या खिडकीशी सिस्टरही उभी राहायची. हातात सलाइनची बाटली, डोळे रस्त्यावर. सूर लागला, की तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा, आणि सूर संपला की वॉर्ड एकदम फार मोठा वाटायचा.

"आता त्याला शांत करू या," महाराज म्हणाले आणि मंत्र सुरू झाले. ते बराच वेळ चालले. तेवढ्यात त्यांचा चेला एक पिशवी आणि पाना घेऊन गाडीखाली सरपटत गेला. तिथे त्याचं काय चाललंय हे कुणाला दिसत नव्हतं. बाहेर फक्त त्याचे दोन पाय होते. तो बाहेर आला तेव्हा पिशवी रिकामी होती. "विभूती लावली," तो म्हणाला. मग महाराजांनी धाकट्याला गाडी चढावर न्यायला सांगितलं. सगळी गर्दी मागोमाग धावली.

गाडी चढली. आवाज नाही. पुन्हा खाली आणली, पुन्हा चढवली. आवाज नाहीच. लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. म्हातारी मात्र रडायला लागली.

"गप्प केलंत हो त्याला! बोलत होता तो माझ्याशी!"

"रडू नका, आजी. तो बोलणार आहे. शेवटचं बोलणार आहे," महाराज म्हणाले. "परवा सकाळी याच गाडीत बसून सगळ्यांनी घाटातल्या त्या वळणावर यायचं. तिथे तो दर्शन देईल. आणि पुढच्या सीटवर कोण बसणार? त्याची लेक. त्यानं तिला बोलावलंय."

सिस्टर गर्दीतून वाट काढत तडक घराकडे निघाली.

घरी तिची लेक चिमी दाराच्या उंबऱ्यावरच वाट बघत बसली होती. बातमी सिस्टरच्या आधी घरी पोचलेली होती.

"आई, मी तो निळा फ्रॉक घालू? बाबांना तो आवडायचा."

"आधी हातपाय धू."

"पण घालू ना?"

आत भिंतीवर थोरल्याचा फोटो होता आणि फोटोखालच्या फळीवर लोखंडाचा एक तुकडा, घासूनपुसून लख्ख केलेला. भोवऱ्यासारखा निमुळता, वर पिळदार दाते आणि मागे जाड दांडा. अपघातानंतर सिस्टर वर्कशॉपमध्ये गेली होती आणि मिस्त्रीला म्हणाली होती, 'त्यांच्या गाडीतलं काहीतरी द्या मला. काहीही चालेल.' मिस्त्रीनं बाकावरचं हेच उचलून तिच्या हातात ठेवलं. तेव्हापासून ती रोज ते फडक्यानं पुसायची. नक्की काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. जड होतं, आणि हातात धरलं की त्याचा हात धरल्यासारखं वाटायचं, एवढं तिला पुरेसं होतं.

"आई, तुम्हाला खरंच वाटतं का, की ते येतील?" तिनं सासूला विचारलं.

"मला वाटून काय होणार गं? आला तर माझा मुलगा, नाही आला तर माझं नशीब." म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली. "पण तू आडवी येऊ नकोस, सूनबाई. एवढंच कर माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा इस्पितळात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आला. गाडी चढ चढून आली ती अगदी मुकाट. सिस्टर खिडकीशीच होती. आवाज नाही म्हणून तिला भडभडून आलं, आणि तेवढ्यात मागून वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टर, तो सकाळपासून ओरडणारा म्हातारा शांत झाला बघा. झोपला वाटतं."

ती धावतच गेली. म्हातारा झोपला नव्हता, बेशुद्ध पडला होता. डॉक्टरांना बोलावणं, सुई, ऑक्सिजन, सगळी पळापळ झाली आणि तो वाचला. हात धुताना मात्र सिस्टरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोगी ओरडायचा थांबला म्हणजे तो बरा झाला, असं तिच्या वॉर्डात कुणीही म्हणत नाही. आधी ताप बघतात. मग त्या गाडीचा ताप कुणी बघितला?

ती पाण्याची बाटली घेऊन तडक खाली गेली. धाकटा सिलिंडर उतरवत होता. तिनं वाकून त्या गोळ्यावर पाणी शिंपडलं. तापल्या तव्यावर उडतं तसं ते चुर्र करून उडून गेलं.

"भाऊजी, आधी एवढा तापायचा का हो?"

"नाही हो. आधी चटका बसायचा." धाकट्यानं हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. "आता तर हात जवळ नेववत नाही. पण वहिनी, आवाज तर गेला ना?"

"तेच तर."

तिथून ती वर्कशॉपमध्ये गेली. मिस्त्री चहा पीत बसला होता. तिला बघून उठून उभा राहिला आणि उगाच फडक्याला हात पुसू लागला.

"मिस्त्री, पेशंट आला की आम्ही दोनच गोष्टी विचारतो. कधीपासून होतंय, आणि त्याआधी काय बदललं. सांगा आता."

"चक्र बदललं. तुम्हाला माहीतच आहे, ताई."

"आणि त्याआधी गाडी तापत होती?"

"नाही."

"ओरडत होती?"

"नाही."

"मग महाराजांना कशाला विचारायचं? तुम्हालाच विचारते. काय चुकलं?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "ताई, काही गोष्टी न काढलेल्या बऱ्या." त्यानं चहाचा कप पुन्हा उचलला.

"आता आवाज नाही, पण ताप दुप्पट आहे," सिस्टर म्हणाली. हे ऐकलं मात्र, मिस्त्रीनं कप तसाच खाली ठेवला.

"आवाज गेला आणि ताप वाढला?"

"हो. आणि उद्या त्या गाडीत माझी चिमी बसणार आहे. घाट उतरताना हे जॅम झालं तर काय होतं?"

"मागची चाकं जागच्या जागी धरली जातात," तो अगदी हळू म्हणाला. "मग गाडी तिला जायचं तिकडे जाते."

सिस्टर परतली ती रात्रभर जागीच होती. नवऱ्याला शेवटचं ऐकण्याची आशा एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. असल्या वेळी तोलून बघायची गरज नसते म्हणतात. पण तिला तोलून बघावं लागलं, आणि त्याची तिला स्वतःचीच भीती वाटली.

सकाळी वर्कशॉपच्या अंगणात जत्रेसारखी गर्दी होती. ट्रकच्या हौद्यात बाया, म्हातारे, पोरं दाटीवाटीनं बसली होती. निळा फ्रॉक घातलेली चिमी पुढच्या सीटवर चढत होती. सिस्टर सरळ गेली आणि तिला उचलून खाली घेतलं.

"सूनबाई!" म्हातारी ओरडली.

"आई, मी आडवी येतेय. मला माफ करा." ती महाराजांकडे वळली. "महाराज, पुढची सीट रिकामी झाली. तुम्ही बसा."

महाराज हसले. "आम्ही मागून आमच्या गाडीनं येतो ना."

"का? सगळा मोहल्ला यात बसलाय. तुम्ही नको का?"

"आमचं आसन वेगळं असतं, बाई."

"बरं, मग तुमचा चेला बसेल." चेला तोवर दोन पावलं मागे सरकला होता. हौद्यातून कुणीतरी खुसखुसलं, आणि एका बाईनं आपलं पोरगं हळूच खाली उतरवलं. मग दुसरीनं.

"हिला पतीचा आत्मा नकोय!" महाराजांचा आवाज चढला. "गाडी उघडलीत तर तो कायमचा भटकेल!"

"मला तो माझ्या जिवापेक्षा जास्त हवाय," सिस्टर म्हणाली. "म्हणूनच बघायचंय, तो आहे की नाही. मिस्त्री, खालचा नट काढा."

सगळ्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. तो शेडच्या दारात नुसता उभा होता. वाटलं, हा काही हलत नाही. मग त्यानं पाना उचलला, एक पसरट पातेलं घेतलं आणि गाडीखाली शिरला.

नट सुटला. तेल आलं ते धारेनं नाही, गुठळ्यागुठळ्यांनी. काळं, घट्ट, लापशीसारखं. मिस्त्रीनं त्यात बोटं घालून चोळली आणि बाहेर येऊन सगळ्यांना दाखवली.

"लाकडाचा भुसा आहे. ग्रीसमध्ये कालवलेला. जुन्या गाड्यांचे दलाल घालतात, गिऱ्हाइकाला दात्यांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. चार दिवस गाडी गप्प राहते. तोवर भुशानं तेलाच्या वाटा बुजतात, बेअरिंग कोरडी पडतात आणि जळतात." तो चेल्याकडे वळला. "विभूती म्हणे! कुठल्या बाजारात शिकलास रे?"

चेल्यानं काढता पाय घेतला. धाकट्यानं त्याची कॉलर धरली, तर महाराज म्हणाले, "मला यातलं काहीच ठाऊक नाही. माझा विश्वासघात झालाय!" कालपर्यंत मेलेल्याचं मन ओळखणाऱ्याला पायाशी बसणाऱ्या चेल्याचं मन कळलं नव्हतं. लोक हसले, पण हसण्यात राग होता. सिस्टरनं धाकट्याला मारामारी करू दिली नाही. दोघांना शेडमध्ये बसवून कुणीतरी पोलिसांना फोन केला.

"पण आवाज?" म्हातारीनं विचारलं. ती अजून तिथेच, खुर्चीचा हात धरून उभी होती. "भुसा तर नंतर आला. आधीचा आवाज कुणाचा होता?"

मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेला. तासाभरानं त्यानं गोळ्याच्या आतले दोन भाग बाकावर आणून ठेवले. एक ताटाएवढं दातेरी चक्र, आणि एक पिळदार दात्यांचा निमुळता तुकडा, मागे जाड दांडा असलेला. सिस्टरनं तो तुकडा बघितला आणि त्याच्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"याला क्राऊन म्हणतात आणि याला पिनियन," मिस्त्री म्हणाला. तो लोकांशी बोलत होता, पण बघत होता जमिनीकडे. "कारखान्यात हे दोघं एकमेकांवर घासून तयार करतात. म्हणून दोघांवर एकच नंबर कोरतात. बदलायचे तर दोन्ही बदलायचे. एकाचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन बसवलं, तर दाते नीट बसत नाहीत, नुसत्या कडा घासतात. मग गाडी ओढ घेताना ओरडते आणि तापते. हे बघा, कडा निळ्या पडल्यात. क्राऊन थोरल्याच्या गाडीचं आहे, पिनियन धाकट्याच्या गाडीचं. नंबर जुळत नाहीत."

"मग थोरल्याचं पिनियन का नाही बसवलंस?" धाकटा ओरडला.

मिस्त्रीनं पहिल्यांदा मान वर केली. "ते ताईंच्या घरी आहे. फोटोखाली."

सगळ्यांच्या नजरा सिस्टरकडे वळल्या.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," मिस्त्री म्हणाला. "पण विधवा बाईकडून ते परत कुठल्या तोंडानं मागू? म्हटलं, घासून घासून बसतील दाते. मग सगळे म्हणायला लागले, थोरला बोलतोय. तुम्ही खिडकीशी उभ्या राहता, हे दिसायचं मला. म्हटलं, तेवढाच तुम्हाला आधार. तुमचा आधार मोडायचा धीर झाला नाही, ताई."

सिस्टरला त्याच्यावर रागावायचं होतं, पण राग येईना. याच माणसानं दयेपोटी तोंड मिटलं, आणि त्या मिटल्या तोंडातून एक भोंदू आत शिरला. तिनं सासूचा हात धरला आणि हौद्यातल्या, शेडमधल्या, कुंपणावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तो आवाज त्यांचा नव्हता. मीच जोडी तोडली होती, आणि ती तुटल्याचा आवाज आपण सगळे ऐकत होतो. माझं दुःख खरं आहे. आईंचं दुःख खरं आहे. त्याला खोट्या आवाजाची गरज नाही. तुमच्याही घरी कुणी ना कुणी गेलेलं असेल. उद्या तुमच्याकडे असा कुणी आला, तर एवढंच करा, आधी उघडून बघा. माझ्यासारख्या बाईला खरं सांगायला कचरू नका. मी रडेन, पण माझी पोर तरी वाचेल."

ते क्राऊन आता कामाचं राहिलं नव्हतं. सिस्टरच्या घरचं पिनियन आणूनही उपयोग नव्हता. शहरातून नवी जोडी आली, एकाच खोक्यात, दोघांवर एकच नंबर. मिस्त्रीनं बेअरिंग बदलली, सगळं धुऊन काढलं आणि नवं तेल भरलं. त्या गाडीत आता थोरल्याचं काहीच उरलं नाही.

पुढच्या आठवड्यात धाकट्याला घाटापलीकडे माल पोचवायचा होता. सिस्टर म्हणाली, "आम्हीही येतो." ती आणि चिमी पुढे बसल्या. गाडी चढ चढली, उताराला लागली, आणि त्या वळणाशी धाकट्यानं वेग अगदी कमी केला. तिघंही कान देऊन बसले. टायरांची घसघस, वारा, इंजिनाची घरघर. बाकी काही नाही.

वळण मागे पडलं.

"आई," चिमीनं विचारलं, "बाबा काही म्हणाले का?"

सिस्टरनं तिला मांडीवर ओढून घेतलं.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "बाबा मेले. मेलेली माणसं बोलत नाहीत. आता त्यांच्याबद्दल आपणच बोलायचं."

आणि अपघाताच्या दिवसापासून पहिल्यांदाच ती मोकळी होऊन, हमसाहमशी रडली. धाकट्यानं आरसा बाजूला वळवला आणि गाडी चालवत राहिला.